बाबांची ईएमजी

आज बाबांना घेऊन बांबोळीच्या हॉस्पिटलात जाऊन आलो, ईएमजी होती, म्हणजे स्नायूत सुई घालून त्यातले विजेचे सिग्नल बघायची टेस्ट. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसात, जिथे आता खड्डाच पडलाय, तिथे सुई घातली आणि मशीनमधून पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज यायला लागला, हात सैल सोडलेला असूनसुद्धा. बाबा काही बोलले नाहीत, नुसते दात आवळून पडून राहिले. मला बघवत नव्हतं.

एएलएसमध्ये, म्हणजे स्नायू चालवणाऱ्या मज्जापेशी मरत जातात त्या आजारात, निदानाला सुई बहुतेक वेळा लागतेच. पण आजार किती सरकला हे बघायला इलेक्ट्रिकल इम्पीडन्स मायोग्राफी नावाची टेस्ट आहे, बॉस्टनचे डॉ. सीवर्ड रुटकोव्ह यांनी त्यावर खूप काम केलंय. कातडीवर चार इलेक्ट्रोड ठेवायचे, बाहेरच्या दोघांतून अगदी बारीक करंट सोडायचा, बहुतेकदा ५० किलोहर्ट्झचा, आणि आतल्या दोघांवर व्होल्टेज मोजायचं, बस्स. पेशंटला कळतही नाही, स्नायू आवळावा पण लागत नाही, म्हणजे ज्याला हात हलवताच येत नाही त्याचीसुद्धा होते! स्नायू वाळत गेला की फेज नावाचा आकडा उतरतो. ही अजून मुख्यतः संशोधनातच वापरतात. आपल्या गोव्यात रोजच्या ओपीडीत कधी येणार? पुढच्या अपॉइंटमेंटला डॉक्टरांना विचारणारच आहे. कुणाच्या घरच्यांची केली असेल तर प्लीज कळवा.