परदेशी हेडफोनचा खरा हिशेब

आज मित्राकडे त्याचा सेनहायझर एचडी ६एक्सएक्स निवांत ऐकला. तानपुऱ्याची जवारी (तारेचा गुंजणारा नाद) इतकी मोकळी लागली की तार छेडल्यावरचा झंकार विरेपर्यंत कानात राहत होता. डग्ग्याची घुमकही भरीव, पण गायकाच्या आवाजावर कुठेच चढत नाही. मी तर प्रेमातच पडलो!

हा हेडफोन सेनहायझरच्याच मूळ एचडी ६५० वरच बेतलेला. अमेरिकेत २०१६ मध्ये १९९ डॉलरला आला, तेव्हा एचडी ६५० त्याहून बराच महाग होता. पण इथे मागवायचा तर कस्टम ड्युटी नुसत्या किमतीवर लागत नाही. शिपिंग आणि विमा धरून लागते, आणि ड्युटीसकट रकमेवर पुन्हा आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी). वॉरंटी बहुतेक वेळा तिकडचीच. शिवाय ३०० ओहमचा, म्हणजे जास्त विद्युत रोधाचा असल्यामुळे फोनला थेट लावून तो पुरता खुलत नाही, अँपचे (आवाजाला जोर देणाऱ्या अँप्लिफायरचे) पैसे आधीच बाजूला काढायला हवेत.

म्हणून मी वापरलेला एचडी ६५० इथेच शोधतोय. कुणाला द्यायचा असेल तर मेसेज करा. पॅड झिजलेले चालतील, केबल खराब असली तरी चालेल, दोन्ही सहज बदलता येतात. हेडबँडला तडा मात्र नको.