सिद्धेश्वर एक्सप्रेस आणि कोटणीसांचं घर

मुंबईहून सोलापूरला जायचं तर सिद्धेश्वर एक्सप्रेस, रात्री सीएसएमटीला बसायचं, ताणून द्यायची, सकाळी सोलापूर. मला काही झोपायला मिळालं नाही. समोरच्या बर्थवर एक काका होते, चादरींचा धंदा, मुंबईला वसुलीची नेहमीची फेरी. गप्पा मारता मारता सहज म्हणाले, "२६ नोव्हेंबर २००८ ला ह्याच गाडीसाठी थांबलो होतो की ओ."

म्हणजे तोच, लांबच्या गाड्यांचा हॉल. त्या रात्रीच्या दहशतवादी हल्ल्यात सीएसटीवर (आताचं सीएसएमटी) पन्नासच्या वर माणसं गेली, बरेचसे गावाकडं निघालेले, पिशव्या उशाला घेऊन बसलेले, कुणाशी वैर नाही काही नाही. मला वाटलं आता रक्त आणि किंकाळ्या ऐकाव्या लागणार. पण काका बोलत राहिले ते हातगाड्यांबद्दल! सामान वाहायच्या गाड्यांवर जखमी घालून लोक शेजारच्या सेंट जॉर्ज हॉस्पिटलकडं पळत होते, काकांनीही एका गाडीला हात लावला. गाडीवर कोण, पलीकडून ढकलणारा कोण, काही माहीत नाही. "ते पोरगं पुढं जगलं का, तेपण माहीत नाही बघा."

लोकलच्या बाजूला रेल्वेचे उद्घोषक विष्णू झेंडे माइकवरून लोकांना बाहेर पडायला सांगत राहिले, हे पेपरात वाचलं होतं. हातगाड्यांचं मात्र मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"मग परत त्या हॉलमधे बसायची भीती नाही वाटली?"

"वाटली की. पण उधारी काय पोस्टानं येते व्हय?"

उतरताना म्हणाले, भैय्या चौकात कोटणीस डॉक्टरांचं घर बघूनच जा.

सिद्धेश्वराचं तळं, भुईकोट किल्ला, शेंगा चटणी, कडक भाकरी यावर नेटवर ढीगभर लिहिलेलं आहे, मी काही भर घालत नाही (चटणी मात्र दही घालूनच खा). कोटणीसांच्या घराचं आता स्मारक केलंय, ते खरं तर अर्ध्या तासात बघून होतं, पण मी बराच वेळ रेंगाळलो. द्वारकानाथ कोटणीस, जन्म १९१० चा, सोलापूरचा, डॉक्टरकी मुंबईत शिकले. १९३८ साली जपानी हल्ल्यात चीन होरपळत होता तेव्हा काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवले त्यातले एक. बाकीचे चौघं परत आले, हे तिकडंच जखमींची ऑपरेशनं करत राहिले, तिथल्या नर्सशी लग्न केलं, मुलगा झाला आणि १९४२ च्या डिसेंबरमध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेले. चीनमध्ये आजही त्यांचं नाव आदराने घेतात. आपल्याकडं शाळेत एक धडा, संपलं.

मेणबत्त्या मोर्चे मला कधीच फार पटले नाहीत, लोकांचं दुःख खरं असतं ते मान्य, पण फोटो काढून झाले की घरी. त्या घरात उभं असताना मात्र हातगाडी ढकलणारे काका आणि हा डॉक्टर एकाच जातकुळीतले वाटायला लागले, दोघांनीही समोरचा कुणाचा कोण हे विचारलंच नव्हतं. गोळ्या झाडणारे दोन होते हो, गाड्या ढकलणारे किती होते कुणी मोजलंच नाही.

मुंबईत आल्यावर फर्स्ट एडच्या कोर्सला नाव घातलं, रक्त थांबवायला कुठं आणि कसं दाबून धरायचं एवढं तरी यायला पाहिजे ना. काकांना फोन करून कळवलं तर म्हणाले, "बरं केलं की. मग चादर कुठली पाठवू, सिंगल का डबल?"