पद्मिनीची वही: पावसाळा आणि प्लगच्या टोप्या

शनिवार रात्र

ताम्हिणी घाटात पावसाने गाठलं आणि माझी जुनी प्रीमियर पद्मिनी पुन्हा मिसिंग मारायला लागली, म्हणजे एखाद्या सिलिंडरची ठिणगी चुकून इंजिन अडखळायला लागलं. पाऊस थांबून बॉनेटखालचा भाग वाळला की तासाभरात आपोआप ठीक. त्यामुळे कार्ब्युरेटरवरचा संशय मी केव्हाच सोडला होता. घरी आल्यावर शेडमधला दिवा मालवला, इंजिन चालू ठेवलं आणि कुंड्यांवर पाणी मारायच्या स्प्रेने एकेका प्लग वायरवर हलके तुषार सोडले. (ही स्पार्क प्लगला करंट नेणारी वायर, तिच्या टोकाला प्लगवर बसणारी रबरी टोपी असते.) तिसऱ्या सिलिंडरपाशी टोपीच्या काठावरून इंजिनच्या धातूच्या हेडकडे निळी ठिणगी पळताना स्पष्ट दिसली. हे करून बघणार असाल तर वायरला हात लावू नका, तिथे हजारो व्होल्ट असतात.

रविवार

चारही टोप्या काढल्या. तिसरी प्लगला चिकटूनच बसली होती. आधी पिळून सुटी केली नसती तर वायर उपसून आली असती. आत पिवळं चाकांचं ग्रीस! गेल्या वर्षी एका गॅरेजमध्ये सर्व्हिसिंगला दिली होती, तेव्हाचं. खनिज तेलाचं ग्रीस अशा रबराला मानवत नाही, टोपी फुगून लिबलिबीत झाली होती. आतल्या बाजूला केसाएवढी काळी रेघही होती. ही कार्बनची वाट एकदा पडली की करंट तिथूनच पळतो, वरून काहीही फासलं तरी. चारही प्लग वायरी टोप्यांसकट बदलल्या.

मग डायइलेक्ट्रिक ग्रीस. दुकानात सांगितलं, ‘लावा, करंट चांगला जाईल.’ खरं तर हे सिलिकॉनचं ग्रीस वीज अडवतं. टोपीतली क्लिप प्लगच्या टोकावर घट्ट बसताना ते बाजूला दाबलं जातं आणि धातूला धातू लागतो. काम त्याचं टोपीचं रबर आणि प्लगची चिनीमाती यांमधली फट भरायचं, म्हणजे ओल आत शिरत नाही आणि पुढच्या वेळी टोपी अलगद निघते. चिनीमाती कोरडी पुसून घेतली, मग तांदळाच्या दोन दाण्यांएवढं ग्रीस कापसाच्या काडीने टोपीच्या आतल्या काठाला फिरवलं. पहिल्या टोपीत जास्त झालं, आत हवा कोंडली आणि टोपी हळूहळू वर सरकली. पुसून पुन्हा बसवली, ‘टक’ ऐकू येईपर्यंत.

डिस्ट्रिब्युटर, म्हणजे एकेका प्लगला पाळीने करंट वाटणारा भाग, त्याच्या कॅपवर फक्त बाहेरच्या रबरांना लावलं. आपल्या गाड्यांत कॅपच्या आत पॉइंट आहेत (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क), म्हणून हे कळकळीने सांगतो: सिलिकॉन पॉइंटजवळ नेऊ नका. तिथल्या ठिणगीत ते जळून सिलिका होते, काचेच्या जातीची, आणि तो थर करंट अडवतो. मी साबणाने हात धुऊनच कॅप उघडली. पॉइंटच्या टाचेखाली, त्यांना उघडणाऱ्या फिरत्या कॅमला लागतं ते ग्रीस वेगळं.

पुढचा शनिवार

अंधारात तोच स्प्रे, चारही टोप्यांवर. एकही ठिणगी नाही. दुपारी मुळशीच्या पुढे धो धो पावसात ४० मिनिटं चालवली, चढावर तिसऱ्या गिअरमध्येही इंजिन एका लयीत. कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरकडे येणाऱ्या मधल्या वायरची टोपी अजून जुनीच आहे, ती उद्या.