क्रोक पार्कमधला शनिवार

डब्लिनला शिकत असताना खर्चाची तोंडमिळवणी करायला मी क्रोक पार्कवर केटरिंगमध्ये काम करायचो. सामन्याच्या दिवशी प्रीमियम लेव्हलला टेबलं लावायची, ताटं न्यायची, उष्टी उचलायची. काम सोपं, पाय मात्र भरून यायचे. २४ फेब्रुवारी २००७ च्या शनिवारी कामाला लागण्याआधी आमची नेहमीची टिंगलटवाळी बंद होती. आयर्लंड विरुद्ध इंग्लंड, रग्बी, साडेपाचची वेळ. सामन्याआधी बँड इंग्लंडचं राष्ट्रगीत वाजवणार होता, आणि तेही या मैदानात!

क्रोक पार्क हे गेलिक ॲथलेटिक असोसिएशनचं, म्हणजे जीएएचं घर. हर्लिंग (काठी-चेंडूचा आयरिश खेळ) आणि गेलिक फुटबॉल जपायला १८८४ साली ही संघटना निघाली. २१ नोव्हेंबर १९२० ला इथे सामना चालू असताना ब्रिटिश दलांनी गोळीबार केला. चौदा माणसं गेली, त्यांत टिपररीचा खेळाडू मायकल होगनही होता. मी सुपाचे वाडगे घेऊन ज्या स्टँडमध्ये पळत होतो त्याला त्याचंच नाव आहे. रग्बी आणि सॉकरला (आपल्या नेहमीच्या फुटबॉलला) इथे वर्षानुवर्षं बंदी होती. रग्बी-सॉकरचं लान्सडाउन रोडचं मैदान पाडून नव्यानं बांधायचं ठरलं, म्हणून जीएएच्या २००५ च्या अधिवेशनात २२७ विरुद्ध ९७ मतांनी तात्पुरतं दार उघडलं गेलं.

आमचा सुपरवायझर किलकेनी काउंटीचा, साठीकडे झुकलेला. एरवी मोजकं बोलणारा हा माणूस त्या दिवशी ग्लास पुसत एकटाच बडबडत होता. "मतदान झालं शॉन केलीच्या काळात, आणि आता सगळं निभावायचं आमच्या निकीला."

निकी म्हणजे निकी ब्रेनन, शॉन केलींनंतर २००६ ते २००९ जीएएचे अध्यक्ष. किलकेनीतल्या कोनाही शॅमरॉक्स या क्लबचे. सुपरवायझरला त्यांच्या अध्यक्षपदाचं फारसं कौतुक नव्हतं. त्याच्या डोळ्यांसमोर होता तो १९७९ च्या हर्लिंगच्या ऑल-आयर्लंड अंतिम सामन्यातला डावा हाफ-बॅक, म्हणजे बचावफळीतला खेळाडू. किलकेनीनं गॉलवेला हरवलं तो सामना. हर्लिंग ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना तो वेग सांगून कळणार नाही. पंधरा-पंधरा जण, हातात ॲश लाकडाची पसरट तोंडाची काठी, आणि चेंडू जमिनीवर पडायच्या आत शंभर-एक मीटर पलीकडे. त्या काळी हेल्मेटची सक्ती नव्हती. पैसेही नव्हते, आजही खेळाडूंना पगार नाही. सोमवारी प्रत्येक जण आपापल्या नोकरीवर हजर.

"१९८२ ला पुन्हा जिंकलो. कॉर्कविरुद्ध. कप्तान ब्रायन कोडी, हाफ-बॅकला निकी," तो म्हणाला. मग एकदम माझ्याकडे वळला, "तू इथे काय उभा आहेस? ब्रेड कोण नेणार?"

राष्ट्रगीताच्या वेळी स्वयंपाकघरातले झाडून सगळे दारांशी जमले. बाहेर थोडे निदर्शक होते, आत काय होईल याची कुणालाच खात्री नव्हती. बँडनं 'गॉड सेव्ह द क्वीन' सुरू केलं. ऐंशी हजारांवर माणसं, आणि एक शिट्टी नाही, एक हुर्यो नाही. संपल्यावर चक्क टाळ्या. नंतर आयरिश गीत सुरू झालं तेव्हा पडद्यावर आयर्लंडच्या जॉन हेजचा चेहरा दिसला. तो बैलासारखा दांडगा गडी रडत होता. सुपरवायझर तेवढ्यात कोठीत काहीतरी आणायला गेला.

सामना एकतर्फी झाला, ४३-१३. आयर्लंडच्या ओगॅराच्या बुटातून आडवा उडालेला चेंडू त्याच्या संघातल्या शेन होर्गननं उंच उडी मारून झेलला आणि ट्राय केला, तेव्हा आमच्या हॉलमधले जीएएवाले सर्वांत जास्त ओरडले. तो झेल गेलिक फुटबॉलमधलाच होता, असं ते नंतर एकमेकांना पटवत बसले होते.

आवराआवर करताना मी सुपरवायझरला विचारलं, निकी प्रशिक्षक म्हणून कसे होते? जरा थांबून म्हणाला, "चांगला होता. पण आमच्याकडे चांगला पुरत नाही." नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ब्रेनन किलकेनीचे व्यवस्थापक, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, होते. १९९७ मध्ये गॉलवेविरुद्ध मध्यंतराला नऊ गुणांनी मागे असलेला संघ डी. जे. केरीच्या खेळावर जिंकला, पण उपांत्य फेरीत क्लेअरनं त्यांना रोखलं. मोठा चषक आला नाही. पुढे व्यवस्थापक झाले ते तेच जुने कप्तान, कोडी. २०२२ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर अकरा ऑल-आयर्लंड विजेतेपदं होती. पुढे असा माणूस आल्यावर आधीच्याची कारकीर्द झाकोळणारच. मला तरी हा हिशेब थोडा कडक वाटतो. खेळाडू म्हणून जिंकलेला, व्यवस्थापक म्हणून आपल्याच गावकऱ्यांची बोलणी खाल्लेला माणूस त्यानंतरही समित्यांच्या बैठका घेत राहतो, आणि अशा शनिवारी संघटनेच्या सर्वांत वरच्या खुर्चीत असतो. त्या रात्री एखादी बाटली जरी भिरकावली गेली असती, तरी जाब त्यांनाच द्यावा लागला असता.

बोलता बोलता सुपरवायझरनं विचारलं, "तुमच्या क्रिकेटचा अध्यक्ष कुठे खेळायचा? बॉलर की बॅट्समन?"

तेव्हा बीसीसीआयचे अध्यक्ष शरद पवार होते. ते राजकारणी आहेत, शिवाय केंद्रात शेतीमंत्री, हे मी सांगितलं. त्याच्या भुवया वर गेल्या. म्हणून घाईघाईनं जोडलं, की त्यांचे सासरे सदू शिंदे मात्र भारताकडून कसोटी खेळलेत, लेगस्पिनर होते.

त्यानं शेवटचा क्रेट उचलला. "सासऱ्यांनी लॉर्ड्सला इंग्लंडविरुद्ध विकेटी काढल्या असत्या, तर मी त्याला मत दिलं असतं," म्हणाला आणि लिफ्टकडे निघाला.