पांढऱ्या शर्टातला माणूस

माझ्या नवऱ्यानेही मला ओळखलं नाही, हे आधी लिहून टाकते. बाकीचं मागून येईल.

सेक्रेटरींनी दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर क्लिप टाकली. "सदर इसम काल रात्री ए विंगच्या लॉबीत संशयास्पदरीत्या वावरताना आढळला आहे. कोणाकडे आला होता ते त्वरित कळवावे." मी ऑफिसात होते, शेजारी कुणीतरी काहीतरी विचारत होतं, सहज उघडली. राखाडी लॉबी. पांढऱ्या शर्टातला एक बारकासा माणूस टपालपेट्यांपाशी येरझाऱ्या घालतोय. थांबतो, भिंतीला टेकतो. मग एक हात वर करून हलवतो, बाहेर कुणाला तरी खूण केल्यासारखा. मी मनात म्हटलं, कोण बाई हा? आणि मग त्या माणसाने उजव्या पायाच्या चवड्याने डावी पोटरी खाजवली.

त्या सवयीवरून आईची किती बोलणी खाल्लीत मी. बगळा झालीस का गं, म्हणायची.

म्हणजे माझी ओळख मला पायावरून पटली. चेहऱ्यावरून नाही, केसांवरून तर नाहीच. केसांचं राहू दे.

आणि शर्ट पांढरा नव्हताच. मी काळं जॅकेट घातलं होतं, नेहमीचं, कोपरावर विरलेलं. आधी वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय, मग शोधून वाचलं. अंधार पडला की हे कॅमेरे स्वतःचे इन्फ्रारेड दिवे लावतात, आपल्याला न दिसणारे, आणि चित्र कृष्णधवल होतं. कापडाचे बरेचसे काळे रंग आपल्या डोळ्यांना दिसणारा प्रकाश तेवढा गिळतात, इन्फ्रारेड मात्र परतवून लावतात. त्यामुळे काळं जॅकेट पडद्यावर धुतल्यासारखं पांढरं दिसतं. आता सगळी सोसायटी एका पांढऱ्या शर्टाच्या मागे आहे.

लॉबीत अंधार का होता, तर दिवा सेन्सरवरचा. वीज वाचते म्हणून आपणच ठराव करून बसवलेला. अंगाची ऊब हलली तरच त्याला कळतं, स्वस्थ उभं राहिलेलं माणूस त्याच्या लेखी नसतंच. मी तर येरझाऱ्या घातल्या, त्याला जागं करायला हातही हलवला, तरी तो ढिम्म. ती झाली "साथीदाराला केलेली खूण". हे बी विंगच्या काकूंचं म्हणणं. त्यावर अंगठ्यांचा पाऊस.

मी खाली का होते? ताईचा फोन होता. तिच्याशी हल्ली घरात बोलता येत नाही. असो.

संध्याकाळपर्यंत ग्रुपवर एकेकाला आपापलं दुखणं आठवलं. भाडेकरूंची पोलीस पडताळणी झालीच पाहिजे. डिलिव्हरीची मुलं मजल्यावर येताच कामा नयेत. त्या तीन मुली राहतात त्यांच्याकडे रात्री कोण कोण येतं त्याची नोंद व्हावी (त्या मुली ग्रुपवर नाहीत; भाडेकरूंना घेत नाहीत). पोडियमवर दहानंतर गाणी बंद. कुत्र्यांना सर्व्हिस लिफ्ट. पांढरा शर्ट कुठून निघाला आणि कुत्र्यांपर्यंत कसा पोचला, मला कळलं नाही, पण पोचला. वॉचमन झोपतात, एजन्सी बदला, हे तर हटकून येतंच. रात्रीच्या वॉचमनला कुणी काही विचारलं असेल असं वाटत नाही. तो बिचारा गेटवर बारा तास, आणि लॉबी त्याला तिथून दिसतही नाही.

रात्री यानेच विषय काढला. क्लिप पाहिलीस का, म्हणाला. मोठी करून पाहिली, परत पाहिली, माझ्या शेजारी सोफ्यावर बसून. त्याच सोफ्याच्या पाठीवर जॅकेट टाकलेलं होतं. "चालीवरून सराईत वाटतोय," म्हणाला.

सराईत.

मी काहीच बोलले नाही. हसूही आलं आणि घशात काहीतरी अडकलंही. इतक्या वर्षांत मी या माणसाचं खाकरणं दोन मजल्यांवरून ओळखते. लिफ्टचं दार कोण कोपराने धरतं, कोणाच्या किल्ल्या कशा वाजतात, वरचा मुलगा जिना उतरताना शेवटच्या दोन पायऱ्या गाळतो, सगळं मला ठाऊक आहे. आणि मला कुणीच नाही? एवढ्या माणसांनी ती क्लिप पाहिली. एकानेही "अहो, ह्या तर आपल्या" असं म्हणू नये? झोप येईना. उशीत तोंड खुपसून मी हिशेब करत बसले, कोणाच्या अडीनडीला धावून गेले, कोणाच्या मुलांना सांभाळलं, कोणाच्या सासूबाईंना रात्री गाडीतून नेलं. असला हिशेब काढला की आपण फार थोर आहोत असं वाटायला लागतं, त्यामुळे थांबवला.

शेवटी उठून पुन्हा वाचायला घेतलं. कॅमेरे बसवणाऱ्यांसाठी एक आंतरराष्ट्रीय मानक असतं. त्याच्या २०१४ च्या आवृत्तीत पायऱ्या ठरवून दिल्या होत्या: नुसतं कुणीतरी आहे एवढं कळायला किती तपशील हवा, ओळखायला किती. पूर्वी पाहिलेला माणूस हाच, हे बऱ्यापैकी खात्रीने सांगायला चित्रात मीटरमागे १२५ पिक्सेल. परक्या माणसाची ओळख निःसंशय पटवायची तर २५०. म्हणजे माहितीतल्या माणसाला ओळखायला निम्म्यात भागतं. निम्म्यात! हे वाचून पुन्हा रडकुंडीला आले. मग लक्षात आलं की आपला कॅमेरा छताला चिकटवलेला आहे, एकाच भिंगात अख्खी लॉबी कोंबलीय, माझा चेहरा त्यात कपड्याच्या गुंडीएवढा. त्या निम्म्याचंही निम्मं मिळणार नाही. बसवताना कोटेशनमध्ये सगळ्यात स्वस्त कोण ते पाहिलं होतं आपण. मीही हात वर केला होता.

आणि खरं सांगायचं तर "कोण बाई हा" हे मीच म्हटलं होतं की. सगळ्यांच्या आधी. मला स्वतःला पोटरीपर्यंत थांबावं लागलं, तर या बिचाऱ्याने काय करावं? त्याला कुणी क्लिपबरोबर सांगूनच टाकलं होतं की हा संशयास्पद आहे. एकदा तसं सांगितलं की मग फोनवर बोलत फिरणारी बाई दिसत नाही, टेहळणीच दिसते. परवा एका डिलिव्हरीवाल्या मुलाची अशीच क्लिप आली होती. तो पायऱ्यांवर बसलेला होता, बस्स. मी पुरती न बघताच अंगठा दिला होता. तो तेव्हा कुणाची वाट बघत होता कोण जाणे.

तरीपण. यानेही ओळखू नये? हे काही जात नाही मनातून. उद्या सांगेन त्याला. किंवा नाही सांगणार, ताईचा विषय निघेल.

क्लिप मी इतक्यांदा पाहिलीय की आता स्वतःकडे बघायचं सोडून मागचं बघायला लागले. माझ्या मागे जिन्याचं दार आहे, आग अडवणारं. ते सताड उघडं, खाली पेव्हर ब्लॉक लावलेला. ते दार आपसूक मिटायला हवं, त्यासाठीच त्याला वर डोअर क्लोजर असतो. आगीत धुरानेच माणसं अधिक मरतात, आणि लिफ्ट वापरायची नसते तेव्हा तो जिना हा एकच रस्ता उरतो. तो धुराने भरला की संपलं. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये २०१७ साली ७२ माणसं गेली. चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरातल्या फ्रिजपासून आग लागली होती. ती बाहेरच्या आवरणावरून चढली हे सगळ्यांना माहीत असतं. पण चौकशीत हेही निघालं की कितीतरी घरांच्या दारांना आपसूक मिटवणारी यंत्रणा नव्हती किंवा ती मोडलेली होती, आणि धूर तिथून लॉबीत शिरला. मी मागे एकदा ग्रुपवर आपल्या दाराचा फोटो टाकला होता. उत्तर आलं होतं, "हवा खेळती राहते, सायकली न्यायला बरं पडतं." मग कुणीतरी वाढदिवसाच्या शुभेच्छा टाकल्या आणि विषय वर सरकून गेला. आता तेच दार सगळ्यांनी मोठं करकरून पाहिलंय, पेव्हर ब्लॉकसकट, आणि सगळ्यांची नजर माझ्या शर्टावर.

सकाळी लिफ्टशेजारी नोटीस लागली. रात्री दहानंतर कोणीही विनाकारण लॉबीत थांबू नये. विनाकारण! कारण कुणाला लिहून द्यायचं, वॉचमनच्या रजिस्टरमध्ये? "ताईचा फोन, वेळ पाऊण तास, विषय तोच."

हसले. लिफ्टमध्ये एकटीच होते म्हणून बरं. तिथेही कॅमेरा आहेच म्हणा.

वॉचमनची बदली करणार असं कानावर आलं तेव्हा मात्र गप्प बसवेना. ग्रुपवर नाही लिहिलं, तेवढा धीर नाही. सेक्रेटरींना एकट्यांना निरोप पाठवला: "नमस्कार. परवा रात्री लॉबीत मीच फोनवर बोलत होते. काळं जॅकेट होतं. वॉचमनचा काही दोष नाही, मी आतूनच आले होते. त्याच क्लिपमध्ये मागे जिन्याचं दार विटेवर उघडं ठेवलेलं दिसतंय, तेवढं कृपया बघावं."

दोन निळ्या खुणा लगेच. उत्तर जेवायच्या वेळेला.

"नमस्कार मॅडम. कळवल्याबद्दल आभारी आहे. तुमचं काही नाही, तुम्ही घरच्याच. पण क्लिपमधली व्यक्ती पांढऱ्या शर्टात आहे, तिचा शोध चालू ठेवतो. रविवारी मीटिंगला जरूर या, सुरक्षेवरच आहे."

दाराबद्दल अवाक्षर नाही. इन्फ्रारेडचं त्यांना समजावून सांगायला घेतलं होतं, अर्ध्यात पुसून टाकलं. वॉचमन तेवढा राहिला, हे संध्याकाळी गेटवर दिसलं. रविवारी जाणार आहे. विषयपत्रिका पाहिली: कॅमेऱ्यांची संख्या वाढवणे, भाडेकरू नियमावली, पाळीव प्राणी. दार "आयत्या वेळच्या विषयां"त घालायला लावीन, आणि ते जेवायला पळायच्या आत बोलायला मिळावं म्हणून पुढच्याच रांगेत बसेन.