पारंब्यांमधून डिस्क काढताना

कॉलनीच्या मागच्या झाडीत डिस्क गोल्फ खेळू द्या, असा अर्ज मी कमिटीला दिला तेव्हा सेक्रेटरींनी खेळ कसा असतो हे विचारलंच नाही. त्यांना एवढंच हवं होतं, की गाड्यांच्या काचा फुटणार का? मी पिशवीतून पटर, म्हणजे जवळच्या फेकींची डिस्क, काढून टेबलावर ठेवली. त्यांनी ती दोन्ही हातांनी वाकवली, कडेला नख लावून पाहिलं, उलटी केली आणि वजन विचारलं. 173 ग्रॅम, म्हटलं. "म्हणजे पाव किलोच्या आतच," असं म्हणत त्यांनी ती परत केली आणि पार्किंगच्या दिशेने एकही फेक जाणार नाही, असं माझ्याकडून लिहून घेतलं.

आमची कॉलनी गोरेगाव पूर्वेला, आरेच्या अंगाला. मागच्या भिंतीलगत चढ आणि पावसाळी नाला असल्यामुळे तिथे कधी इमारत उठली नाही. सोनमोहर, पर्जन्यवृक्ष, जुने आंबे, जांभूळ, एक थोरला वड आणि बांबूचं बेट. मुंबईत मोकळं मैदान मागायला गेलात तर तिथे आधीच क्रिकेटच्या चार मॅचेस एकमेकींत घुसून चाललेल्या असतात. डीप मिडविकेटवर उभा असलेला पोरगा दुसऱ्या मॅचचा स्लिप असतो. त्यात डिस्क घेऊन कुठे शिरणार? झाडीकडे मात्र कुणी फिरकत नाही. म्हणून लांबलचक, मोकळ्या कोर्सचा हट्ट मी कधी धरलाच नाही. फिनलंडमध्ये शोभतो तो.

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ठरलेल्या जागेवरून, म्हणजे टीवरून, डिस्क फेकायची, पडेल तिथून पुढची फेक करायची आणि कमीत कमी फेकींत ती लक्ष्यात घालायची. लक्ष्य म्हणजे खांबावरची जाळीदार बास्केट आणि तिच्यावर लोंबणाऱ्या साखळ्या. फ्रिस्बीला आजचं रूप देणारा एड हेड्रिक हा या खेळाचा कर्ता पुरुष. पहिला कायमचा कोर्स त्याने 1975 साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कात आखला, पुढच्या वर्षी खेळाडूंची संघटना काढली. त्या कोर्सवर सुरुवातीला साखळ्या नव्हत्या, नुसते खांब होते. त्यामुळे आमच्याकडे एकच बास्केट आणि बाकीची लक्ष्यं झाडं, यात कमीपणा मानायचं कारण नव्हतं.

आपल्याकडचा शहरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदाही 1975 चाच. तो सेक्रेटरींना तोंडपाठ. झाडाला खिळा मारायचा नाही, पाटी ठोकायची नाही, फांदी तोडायची नाही. सकाळी फिरायला येणारे घरी गेल्यावरच खेळ सुरू करायचा आणि अंधार पडायच्या आत आटपायचं. शेवटची अट बिबट्यासाठी. बाहेरच्यांना हसू येतं, पण आरेच्या कडेला राहणाऱ्याला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

खिळे नाहीत, मग खुणा कशा करायच्या? आईच्या जुन्या साड्यांचे काठ कापून ते खोडांना कमरेपासून छातीपर्यंत गुंडाळले. त्या पट्ट्यात डिस्क लागली की होल, म्हणजे एका टीपासून एका लक्ष्यापर्यंतचा टप्पा, संपलं. वडाला हिरवा काठ छान शोभून दिसत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर काठावर हळदकुंकू, बुंध्याशी दोन केळी आणि उदबत्तीची राख. वटपौर्णिमेला अजून कितीतरी अवकाश होता, पण साडी नेसवलेला वड दिसल्यावर कुणाला राहवलं नसेल. कुंकू लावलेल्या झाडाला डिस्क मारायचं धाडस माझ्याबरोबर खेळणाऱ्या भाच्याला झालं नाही, मलाही नाही. लक्ष्य पलीकडच्या जांभळीवर हलवलं आणि वड वाटेतला अडथळा झाला. कोर्समधलं सगळ्यात चांगलं होल असं घडलं.

भाचा चौपाटीवर वाळूत अल्टिमेट, म्हणजे फ्रिस्बीचा सांघिक खेळ, खेळतो. त्यांची तबकडी 175 ग्रॅमची, पण व्यासाने चांगली मोठी. ती तरंगते, झेलायला सोपी जाते. गोल्फची डिस्क लहान, कडेला जाड आणि चेंगटपणे तरंगायचं नाव न घेणारी. कमाल वजनाचा नियमही व्यासाला बांधलेला आहे: दर सेंटीमीटरला 8.3 ग्रॅम. भाच्याने ऑनलाइन मागवलेल्या संचात एक ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकीची डिस्क, होता, धारदार कडेचा, वेगाचा आकडा 12. माझी पटर इनोव्हा कंपनीची एव्हिआर. तिच्यावरचे आकडे 2, 3, 0, 1. पहिला वेग, दुसरा तरंग, तिसरा सुरुवातीचं वळण, चौथा शेवटची ओढ. उजव्या हाताने नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे बॅकहँड फेकलं तर वेग ओसरल्यावर डिस्क डावीकडे ओढ घेते. चौथा आकडा मोठा असेल तर ओढही मोठी. आणि 12 आकड्याच्या ड्रायव्हरला तेवढा वेग द्यायला खांदाही तसा लागतो. नाहीतर तो फेकल्या फेकल्या डावीकडे लोळण घेतो. मोकळ्या माळावर हे खपून जातं. दोन झाडांच्या मधून जायचं असेल तेव्हा नाही.

"मामा, पंचेचाळीस मीटर आहे, पटर पोचणार नाही," भाचा म्हणाला.

"पोचू नको दे. मधे तर राहील."

पहिलं होल पंपहाउसच्या ओट्यावरून सुरू होतं. दोन्ही बाजूंनी सोनमोहर, मधली फट फार तर अडीच मीटर, आणि ती फट पंधरा पावलांवर आहे. झाडीतला सगळा खेळ याच फटीत आहे. लक्ष्याकडे बघून फेकणाऱ्याची डिस्क पहिल्याच झाडाला लागते. नजर फटीच्या मध्यावर ठेवायची, जमिनीपासून छातीएवढ्या उंचीचा एक ठिपका मनाशी धरायचा आणि डिस्क सपाट सोडायची. हात मागे नेताना तिची कड जमिनीला समांतर राहिली पाहिजे. मनगट जरा वर वळलं तर डिस्कचं नाक, म्हणजे पुढची कड, उचललं जातं, डिस्क वर चढते आणि फांद्यांत शिरते. पूर्ण जोर लावला की नाक उचललं जातंच, म्हणून निम्म्याहून थोडा जास्त जोर पुरे. कॅरममध्ये कट मारताना जेवढी तब्येतीत बोटं चालवतो, तेवढीच तब्येत इथे खांद्याची.

भाच्याचा ड्रायव्हर दुसऱ्या सोनमोहरावर "ठाप" करून आदळला आणि उलटा आमच्याच दिशेने घरंगळत आला. माझी पटर तीसेक मीटरवर जाऊन बसली. तिथून लक्ष्य समोर दिसत होतं.

खेळणाऱ्यांत एक विनोद चालतो की झाड म्हणजे बहुतेक हवाच असते, मारा बिनधास्त. विनोद करणाऱ्याने वडाच्या पारंब्या पाहिलेल्या नसाव्यात.

चौथं होल त्या वडाचं. टीपासून जांभळीपर्यंत जेमतेम चाळीस मीटर आणि बरोबर मधोमध पारंब्यांचा पडदा. डावीकडून वळसा घालायला जागा आहे, पण मग डिस्क उजवीकडे वळवायची तर फोरहँड हवा: तर्जनी आणि मधलं बोट कडेच्या आत, मनगटाचा झटका, फिरकी उलटी आणि त्यामुळे ओढही उलटी. म्हणजे आधी पडद्याच्या डाव्या बाजूने सरळ सोडायची आणि तिने शेवटी उजवीकडे जायचं. भाच्याचा फोरहँड चौपाटीमुळे तयार. त्याची डिस्क पारंब्यांना वळसा घालून जांभळीच्या पायथ्याशी गेली. माझी एका पारंबीला चाटून सरळ खाली, वडाच्या पोटात पडली.

तिथून निघणं हा खरा कसोटीचा भाग. डिस्क पडली तिथे छोटी खुणेची डिस्क ठेवायची आणि तिच्या मागच्या 20 सेंटीमीटर रुंद, 30 सेंटीमीटर लांब पट्ट्यात पाय किंवा गुडघा टेकलेला असायला हवा. पारंबी हाताने बाजूला धरून फेकता येत नाही. उभं राहायला अशी जागा निवडायची, की झाड कमीत कमी हलेल. मी एक गुडघा वाळक्या पानांत टेकला. डोळ्यांसमोर, वीतभर अंतरावर, एका पारंबीवरून लाल मुंग्यांची रांग खाली उतरत होती आणि तिला माझ्या कोपराला वळसा घालावा लागत होता. पारंब्यांमधून तीन वाटा दिसत होत्या. जांभळीकडे जाणारी वाट हातभर रुंद. डावीकडची, कंपाउंडकडे जाणारी, चांगली दारभर. पण ती लक्ष्यापासून लांब नेणारी.

"मामा, जांभळीकडे मार, जाते ती!"

मी डावीकडे मारली. हलकी, पाच-सात मीटरची, नुसती बाहेर काढण्यापुरती. भाच्याला ते पळपुटेपण वाटलं. पण हातभर वाटेतून पारंबी चुकवणं दहात एकदा जमतं, आणि नऊदा डिस्क आणखी आत जाऊन बसते. बाहेरून पुढच्या फेकीत ती जांभळीला लागली आणि होल तिनात संपलं. भाच्याचं दोनात. एकाचाच फरक पडला, आणि पारंब्यांत अडकून सहा-सात मोजणारी माणसं मी नंतर पाहिली आहेत.

पाचव्या होलला भाच्याची डिस्क आंब्यावर अडकली. नियम दयाळू आहे: डिस्क वर असली तरी बरोबर तिच्याखालच्या जमिनीवरून खेळायचं, दंड नाही. डिस्क उतरवायला माळीकाका आंबे उतरवायचा झेला घेऊन आले. त्यांनी ती झेल्याच्या जाळीत अलगद घेतली आणि म्हणाले, "हापूसपेक्षा सोपं हाय. देठ तोडायला लागत नाय."

सहावं बांबूच्या बेटाजवळचं, आणि तिथे डिस्क हरवतात. जमिनीवर बांबूच्या वाळक्या पानांचा थर असतो. सपाट आलेली डिस्क त्याच्याखाली सरकून जाते आणि वर काही दिसत नाही. शोधायला तीन मिनिटं मिळतात. ती संपली की डिस्क हरवली असं धरायचं, एक दंडाची फेक आणि आधीच्या जागेवरून पुन्हा. भाच्याची आवडती हिरवी मिडरेंज, म्हणजे मधल्या पल्ल्याची डिस्क, तिथे गेली ती गेलीच. काठीने पानं उपसत आम्ही ठरल्या वेळेपेक्षा बरंच जास्त शोधत राहिलो, कारण जवळ दंडाचा हिशेब ठेवणारं कुणी नव्हतं आणि डिस्क नऊशे रुपयांची होती.

सातवं आणि आठवं सरळ, छोटी. तिथे सांगण्यासारखं काही नाही, घाम सोडून. मुंबईच्या दमट हवेत थंडीच्या दिवसांतही हात ओले राहतात आणि ओल्या हातातून डिस्क वेळेआधी सुटते. कमरेला नॅपकिन खोचलेला हवा. कॅरमची पावडर मुळीच लावू नका, ती घसरण्यासाठीच असते. त्यापेक्षा कोरडी माती चिमूटभर बोटांना चोळलेली बरी.

नवव्या होलाला बास्केट, ज्येष्ठांच्या कट्ट्यासमोर. पन्नास मीटर, पर्जन्यवृक्षाच्या पसरलेल्या फांद्यांखालून. कट्ट्यावरच्या एका काकांना मी हेड्रिकची गोष्ट सांगितली होती. 2002 साली तो वारल्यावर त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून डिस्क काढल्या गेल्या. काका विचारात पडले. "म्हणजे नाशिकला न्यायचं सोडून लोकांना फेकायला दिला?" मग थोड्या वेळाने म्हणाले, "तसं बरंय म्हणा. कुणीतरी रोज बाहेर तर नेतं."

त्याच कट्ट्यावर भाच्याने सगळ्यांना मोबाइलवर 2021 च्या जागतिक स्पर्धेचा व्हिडिओ दाखवला. शेवटच्या होलावर जेम्स कॉनराडने 247 फुटांवरून डिस्क थेट साखळ्यांत घातली, बरोबरी साधली आणि मग जादा होलावर स्पर्धा जिंकली. 247 फूट म्हणजे पंचाहत्तर मीटर. आमचं सगळ्यात लांब होल त्याहून लहान. काकांना वाटलं, आता आम्हीही पहिल्याच फेकीत घालणार.

माझी पहिली फेक फांद्यांखालून नीट गेली आणि बास्केटपासून आठ-नऊ पावलांवर थांबली. दहा मीटरच्या आत असलं की फेकल्यावर तोल सांभाळून उभं राहावं लागतं. पुढे पडत पडत फेकलेलं चालत नाही. आणि इथे एक गोष्ट कळते जी झाडांच्या लक्ष्यांवर कळत नाही: झाडाला डिस्क कुठेही लागली तरी चालते, साखळ्यांना कडेने लागली तर त्या तिला थुंकून टाकतात. खांबाच्या किंचित उजवीकडे, साखळ्यांच्या वरच्या अर्ध्यात धरायचं. माझी लागली, खणखणली, आणि जाळीत पडली. कट्ट्यावर टाळ्या. भाच्याची कडेवरून बाहेर. एकूण बेरीज त्याचीच कमी भरली, दोनाने.

आता कॉलनीतली पाच-सहा पोरं रविवारी येतात आणि सेक्रेटरींनीही एकदा, कुणी बघत नाही असं पाहून, पंपहाउसच्या ओट्यावरून फेक टाकून पाहिली. जूनमध्ये गवत वाढलं, नाला भरला की बास्केट मीटररूममध्ये जाते. पावसात त्या गवतात हात घालून डिस्क शोधणं म्हणजे सापाला आमंत्रण. पावसाळा सरला की पुन्हा काठ गुंडाळायचे, वड सोडून.

कुणाला सुरू करायचं असेल तर ड्रायव्हरवर पैसे घालू नका. दीडशे ते एकशे पंच्याहत्तर ग्रॅममधली एक पटर पुष्कळ आहे. पिवळी घ्या, नाहीतर भडक गुलाबी. हिरवी फुकट मिळाली तरी घेऊ नका.