सेल्फचा काय दोष?

गाडी थंड असली की अर्ध्या चावीत सुरू. वीस मैल पळवून पेट्रोल भरायला थांबली की नुसतं 'टक्'. मग पाऊण तास बॉनेट उघडं टाकून बसायचं, की पुन्हा काही झालंच नाही अशी सुरू. ही तक्रार घेऊन मागच्या ऑगस्टमध्ये आमच्या गॅरेजात १९६९ची शेव्हरोले शेव्हेल आली आणि मी तिचा सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, बदलला. काम इतकं सुबक झालं की त्या रात्री मी स्वतःवर खूश होऊन जेवलो. दुसऱ्या दिवशी जे झालं ते अजून डोक्यातून जात नाही.

आमचं गॅरेज डेट्रॉइटच्या उपनगरात. ऑगस्टचा तिसरा शनिवार म्हणजे इथली वारीच. वुडवर्ड अव्हेन्यूवर फर्नडेलपासून पॉन्टिअ‍ॅकपर्यंत जुन्या गाड्या दिवसभर खाली-वर फिरतात; १९९५पासून चाललंय. त्याच्या आधीचे पंधरा दिवस वर्षभर ताडपत्रीखाली झोपलेली सगळी म्हातारी इंजिनं आमच्या दारात. मालक घाईत, गिऱ्हाईक घाईत, आणि गॅरेजातल्या तरुण पोरांना ज्या गाडीला स्कॅनर लावायला सॉकेट नाही ती गाडी म्हणजे भूत वाटते. त्यामुळे असली कामं माझ्याकडे.

गाडी एसएस ३९६. तीनशे शहाण्णव घन इंचाचं, म्हणजे साडेसहा लिटरचं बिग ब्लॉक (शेव्हरोलेचं मोठं इंजिन), चार गिअर, मॅन्युअल. गाडीचे मालक पंचाहत्तरी ओलांडलेले, तिचे पहिले आणि एकमेव मालक. दोन हिवाळ्यांपूर्वी त्यांनी इंजिन उतरवून सगळं नव्यानं रंगवून घेतलं होतं. खाली पाहिलं तर एक्झॉस्टचे हेडर पाइप सेल्फला जवळजवळ चिकटून गेलेले. म्हटलं, झालं, हीट सोक. शेव्हरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सच्या या सेल्फवर सोलनाइड, म्हणजे सेल्फला करंट देणारा विद्युतचुंबकी स्विच, पाठीवरच बसलेला असतो. पाइपांच्या धगीनं त्याची वाइंडिंग तापते, रेझिस्टन्स वाढतो, आतला दांडा, म्हणजे प्लंजर, ओढायला जोर पुरत नाही. व्हिडिओ बघून शहाणे झालेले लोक यावर फोर्डचा सोलनाइड वेगळा आणून फेंडरवर ठोकतात. मला ते आवडत नाही. गॅरेजचे मालक म्हणाले, रीबिल्ट (जुना दुरुस्त करून विकलेला) सेल्फ मागव, घाल आणि मोकळा हो. मी 'हो' म्हणालो. माझी चूक तिथंच झाली, पण तेव्हा कळली नाही.

हा सेल्फ बेलहाउसिंगला, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या कवचाला, नसतो, खालून थेट इंजिन ब्लॉकला दोन बोल्टांवर लटकतो. वजन नऊ-दहा किलो. गाडीखाली उताणं पडून, एका हातानं तो छातीवर तोलत, दुसऱ्यानं वायरी सोडवायच्या: बॅटरीची जाड केबल, चावीकडून येणारी जांभळी, ठिणगी देणाऱ्या कॉइलकडे जाणारी पिवळी. ही पिवळी फार लोक विसरतात. सेल्फ मारताना बॅटरी दहा व्होल्टवर घसरते, तेवढ्यापुरता कॉइलला रेझिस्टन्स वायर टाळून पूर्ण करंट मिळावा म्हणून ती असते. ती विसरलात तर इंजिन फिरत राहतं, पेट घेत नाही.

दुकानानं पहिल्यांदा चुकीचा सेल्फ पाठवला. शेव्हीची, म्हणजे शेव्हरोलेची, फ्लायव्हील रिंग (सेल्फ ज्याला फिरवतो ते इंजिनचं दातेरी कडं) दोन मापांची असते, १५३ दात किंवा १६८ दात. लहान रिंगच्या सेल्फचे दोन बोल्ट एका ओळीत, मोठीच्या सेल्फचे तिरके. आमची १६८ची, आला सरळवाला. काउंटरवरच्या पोराला हे फोनवर समजावण्यात सेल्फ उतरवायला लागला त्याहून जास्त वेळ गेला. दुपारी दुकानाची गाडी बरोबर नग घेऊन आली आणि जाताना जुना सेल्फ 'कोअर' म्हणून घेऊन गेली. इथली ही पद्धत: जुना दिला नाही तर साठ डॉलर जास्त. आमच्या पोरानं तो खोक्यात घालून दिलासुद्धा. मी तेव्हा गाडीखाली होतो.

पुढचं काम मात्र मी मन लावून केलं. बोल्ट जुनेच वापरले, कारण त्यांच्या मधल्या भागावर खरबरीत रेघा असतात आणि त्याच सेल्फला नेमक्या जागी धरून ठेवतात. हार्डवेअरच्या दुकानातले गुळगुळीत बोल्ट घातले की महिनाभरात रिंगचे दात खाल्ले म्हणून समजा. सेल्फ चढवला, स्क्रू ड्रायव्हरनं पिनियन, म्हणजे सेल्फचं छोटं दातेरी चाक, पुढे ओढून रिंगमध्ये बसवला आणि दातांमधली फट तपासली. त्यासाठी माझ्याकडे सरळ केलेली एक कागदाची क्लिप असते. ती घट्ट जात होती. गाडी सुरू केली तर चावी सोडताना बारीक शिट्टीसारखी किंकाळी. पिनियन फार जवळ असला की तो आवाज इंजिन पेटल्यावर येतो. फार लांब असला तर आधी, फिरवतानाच. मग पंधरा थाऊची (इंचाच्या पंधरा हजारांशाची) शिम, म्हणजे पातळ पत्रा, ब्लॉक आणि सेल्फच्या मध्ये सरकवली. पुन्हा चढवला, पुन्हा चावी. किंकाळी गेली. टोकाचा छोटा ब्रॅकेटही परत लावला, जो निम्म्या गाड्यांत फेकून दिलेला असतो आणि मग एक दिवस ब्लॉकचा कानच तुटतो. सहा वेळा सुरू केली, सहा वेळा घड्याळासारखी. थंड इंजिनावर. तापवून पाहायला वेळ नव्हता, रांगेत अजून चार गाड्या.

दुसऱ्या दिवशी अकराला फोन. म्हातारबुवा पेट्रोल पंपावर, बॉनेट उघडं. 'टक्.'

मीटर घेऊन गेलो. जे काम आदल्या दिवशी दोन मिनिटांत करायचं, ते पंपावर लोकांच्या देखत केलं. मीटरची एक तार बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरी सेल्फच्या जाड टर्मिनलवर, आणि त्यांना म्हटलं चावी मारा. ०.३ व्होल्ट. ठीक. मग एक तार बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर. मारा. १.९ व्होल्ट. म्हणजे जवळजवळ दोन व्होल्ट अर्थिंगमध्येच जिरत होते. निगेटिव्ह केबल इंजिनवरच्या ज्या ब्रॅकेटला बोल्ट केली होती, त्याला रंगकामाच्या वेळी सुंदर काळं पावडर कोटिंग मारलं होतं. खालीही, वरही. सगळा करंट बोल्टच्या आट्यांमधून जायचा. थंडीत कसंबसं भागत होतं; तापल्यावर तांब्याचाच रेझिस्टन्स वाढला की उरलेला जोर संपला. मी केबल सोडली, ब्रॅकेट चकचकीत होईपर्यंत खरवडला, स्टार वॉशर घालून आवळला. चावी मारली. गरमागरम इंजिन गर्रकन फिरलं आणि पेटलं. पंपावरच्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र गाडीखाली जाऊन लपावंसं वाटत होतं.

कोल्हापुरात उद्यमनगरात मी ज्या वस्तादांकडे शिकलो, ते सेल्फला हात लावायच्या आधी जंप केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं थेट इंजिनला लावून बघायचे. "आधी करंट कुठं अडलाय ते बघ, पाना मग धर." सेल्फ खरंच गेला असला तरी तो बदलायचा नसायचा, उघडायचा असायचा. कार्बन, बुश, कम्युटेटर लेथवर, आतला फिरता भाग, म्हणजे आर्मेचर, तपासायच्या ग्राउलर यंत्रावर. इथं येऊन मला चौदा वर्षं झाली. खोकं उघडून पार्ट बसवणं मी इतकं छान शिकलो की आधीचं विसरलो.

बिल परत करायचं ठरलं. म्हातारबुवा रागावले नाहीत. म्हणाले, "मग जुना सेल्फ चांगलाच होता म्हणा. द्या, ठेवतो." मी गप्प. मिशिगनमध्ये काढलेला पार्ट गिऱ्हाइकाला द्यावा लागतो, आणि एक्स्चेंजमध्ये जाणार असेल तर निदान तो पाहण्याचा हक्क त्यांचा. आमच्याकडे ना विचारलं, ना दाखवलं. त्यांनी डॅशबोर्डच्या कप्प्यातून एक छोटी वही काढली. इंजिन, गिअरबॉक्स, आल्टरनेटर, कार्बुरेटर, सगळ्यांवरचे शिक्के त्यात उतरवलेले. सेल्फसमोर लिहिलं होतं: ९ बी ७. म्हणजे ७ फेब्रुवारी १९६९. गाडीबरोबर जन्माला आलेला.

दुकानात गेलो तर मागच्या खोलीत कोअरचा लाकडी पॅलेट, संध्याकाळी ट्रक यायचा होता. काउंटरवरचा तोच पोरगा म्हणाला, शोधा तुम्हीच. चार सेल्फ एकसारखे, काळे, तेलकट. आणि मला माझा ओळखता येईना. आदल्या दिवशी अर्धा तास छातीवर घेतलेला सेल्फ, पण त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं. एकेक अंगठ्यानं पुसत गेलो. तिसऱ्याच्या नाकावर शेव्ही ऑरेंज रंगाचे शिंतोडे, आणि बाजूला, मळाखाली, ९ बी ७. साठ डॉलर मी खिशातून दिले. पावती मागितली नाही.

त्या रात्री घरच्या गॅरेजात तो उघडला. कार्बन अर्धे शिल्लक, आर्मेचर निरोगी. पुढचा बुश तेवढा ढिला झाला होता, तो बदलला. कम्युटेटरच्या फटींतला अभ्रक करवतीच्या पात्याच्या तुकड्यानं खरवडला, वस्तादांसारखा. दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या मालकाच्या कपाळावरच्या आठ्या न बघता रीबिल्ट उतरवला आणि जुना चढवला.

पिनियन ओढून क्लिप घातली. अलगद गेली. पंधरा थाऊची शिम हातात तशीच राहिली. या सेल्फला ती लागतच नव्हती. मग आठवलं, पहिल्या दिवशी तो उतरवला तेव्हाही मध्ये शिम नव्हती.